तोलारघाटचं पहिलं प्रकरण

त्या वर्षी स्पर्धेत तीनशे पुस्तकं होती. दहा गट, प्रत्येक गटात तीस. सहाव्या गटातल्या तीस मुखपृष्ठांपैकी अकरा मुखपृष्ठांवर ड्रॅगन होता, नऊंवर डोक्यावरून टोपडं ओढलेला पाठमोरा माणूस, चारांवर नुसती तलवार, तीनांवर डोंगरातला किल्ला, दोनांवर जहाज. उरलेल्या एकावर तराजू होता. सगळ्या अद्भुत कादंबऱ्या, सगळ्या लेखकांनी स्वतःच प्रकाशित केलेल्या, आणि तिसांतली एकच अंतिम फेरीत जाणार होती.

पाठमोऱ्या माणसांतला एक ब्रेन्ना हाल्वर्सनचा होता. तराजू डेल पेल्कोलाचा.

ब्रेन्ना अमेरिकेतल्या डुलूथ शहराच्या पाणीपुरवठा केंद्रातल्या प्रयोगशाळेत होती. सरोवराचं पाणी शहरात सोडण्याआधी त्याचा गढूळपणा, त्यातलं क्लोरीन, त्यातले जिवाणू मोजायचे आणि आकडे नोंदवायचे, हे तिचं आठ वर्षांचं काम. गटांची यादी जाहीर झाली तेव्हा ती नळ्या धुऊन जेवायला बसली होती. ठरावीक दोन पुस्तकं एकाच गटात पडण्याची शक्यता शेकडा दहाहूनही थोडी कमी होती. तिने ती काढून पाहिली आणि डबा अर्धाच खाऊन मिटला. वेगवेगळ्या गटांत असते तर दोघंही पुढे जाऊ शकले असते. आता डेल गेला तर ती राहणार होती, आणि ती गेली तर डेल.

स्पर्धेत उतरायचा आग्रह मुळात तिचाच होता.

डेल शाळेची बस चालवायचा. सकाळची फेरी नऊला संपायची, दुपारची अडीचला सुरू व्हायची. मधल्या वेळात तो आगारात बस उभी करायचा, स्टिअरिंगवर प्लायवूडची फळी आडवी टाकायचा आणि पेन्सिलीने लिहायचा. वय सेहेचाळीस, म्हणजे ब्रेन्नापेक्षा बारा वर्षांनी मोठा. सहा वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या लेखनवर्गात दोघांची गाठ पडली. वर्गातले बाकीचे अकरा जण गळाले आणि हे दोघं दर शनिवारी सकाळी दहाला कालव्याजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटत राहिले. त्याने तिची वीस पानं वाचायची, तिने त्याची. बाकीची कामंही वाटलेली होती. डेलचा हात चित्रकलेत चांगला, म्हणून तिच्या पुस्तकातले नकाशे तो काढायचा. त्याच्या पुस्तकाची मांडणी करून, ई-बुक तयार करून ते इंटरनेटवरच्या दुकानात चढवायचं काम तिचं. खातं डेलच्या नावाचं होतं, पण त्यात शिरताना येणारा सांकेतिक आकडा ब्रेन्नाच्या फोनवर यायचा, कारण खातं तिनेच उघडून दिलं होतं.

डेलला स्पर्धा नको होती. तो म्हणाला, "पुस्तक म्हणजे काय जत्रेतला भोपळा आहे का? काट्यावर चढवायचा, पहिल्या नंबराची निळी फीत लावायची, आणि दुसऱ्या दिवशी डुकरांपुढे टाकायचा."

ब्रेन्नाने त्याच्यापुढे कागद ठेवला. मागच्या सहा वर्षांत अंतिम फेरीत गेलेली साठ पुस्तकं, त्यांना वाचकांनी दिलेल्या अभिप्रायांची संख्या, फेरीआधी किती आणि फेरीनंतर किती. साठांपैकी त्रेपन्न पुस्तकांची संख्या दुपटीहून जास्त वाढली होती. प्रवेशफी नव्हती. बक्षीसही नव्हतं, मुखपृष्ठावर लावायला एक शिक्का तेवढा मिळायचा. तिच्या 'काचेखालचं राज्य'च्या दोन वर्षांत दोनशे बारा प्रती गेल्या होत्या. त्यातल्या एकतीस कुणी घेतल्या ते तिला नावानिशी माहीत होतं. डेलच्या 'तोलारघाट'च्या एकशे सत्त्याऐंशी.

डेलची बायको रोवीना त्या दिवशी त्याला न्यायला आली होती. तिने उभ्या उभ्याच कागद वाचला. "घे की भाग," ती म्हणाली. "हरलास तर महिनाभर घरात शांतता. जिंकलास तरी भांडी तुलाच घासायची आहेत."

"मास्तरीणबाईंनी कोष्टक काढलंय म्हटल्यावर संपलंच," डेल म्हणाला. ब्रेन्ना त्याच्या पानांवर लाल पेनाने खुणा करायची, तेव्हापासून तो तिला मास्तरीणबाई म्हणायचा.

कोष्टकात एक गोष्ट नव्हती. सहा वर्षं ती डेलची पानं वाचत होती. तो स्वल्पविराम चुकीच्या जागी टाकायचा, एकाच माणसाचे डोळे दोन प्रकरणांत दोन रंगांचे लिहायचा, आणि मग मधेच कुठेतरी एक वाक्य यायचं. त्या वाक्यापाशी तिच्या हातातलं लाल पेन थांबायचं. आपल्या पानांवर डेल असा कधी थांबतो का, हे तिने पुष्कळदा चोरून पाहिलं होतं. तो सलग वाचायचा, शेवटी "झकास" म्हणायचा आणि कॉफी संपवायचा. तिचं पुस्तक त्याच्या पुस्तकापेक्षा सरस आहे असं एखाद्या परक्या माणसाने लिहून द्यावं, एवढीच तिची इच्छा होती. डेलने ते हजारदा कबूल केलं असतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

प्रवेश मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी बाराला खुले झाले आणि एक्केचाळीस मिनिटांत तीनशे जागा भरल्या. ब्रेन्नाचा अर्ज दुसऱ्या मिनिटाला गेला. डेल त्या दिवशी बेसबॉलच्या संघाला घेऊन परगावी गेला होता. त्याने मैदानाबाहेर बसमध्ये बसून फोनवरूनच अर्ज भरला आणि पुस्तकाची फाईल जोडली. ब्रेन्नाने चार वर्षांत त्याला 'तोलारघाट'च्या अकरा फायली पाठवल्या होत्या. त्यांतल्या सात फायलींच्या नावात 'अंतिम' हा शब्द होता.

चूक जूनमध्ये कळली, आणि कळली फक्त ब्रेन्नाला.

सहाव्या गटाचं परीक्षण 'उलटं घुबड' नावाचा ब्लॉग चालवणाऱ्या दोन बहिणींकडे होतं. वाचायला सुरुवात करण्याआधी त्या तीसही पुस्तकांचे पहिले परिच्छेद एकाखाली एक छापायच्या, लेखकाचं नाव न देता. वाचकांनी आवडेल त्याला मत द्यायचं. निकालाशी त्याचा संबंध नव्हता, नुसती गंमत. ब्रेन्ना स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होती. बाविसावा परिच्छेद असा सुरू होत होता: 'घाटावर आलेल्या प्रत्येकाला तोलारीण आधी तोलून घ्यायची, कारण नदी कुणालाच फुकट पलीकडे जाऊ देत नसे.'

हे वाक्य पुस्तकात नव्हतं. म्हणजे दुकानात जे पुस्तक विकत मिळत होतं त्यात नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी ते ब्रेन्नानेच काढायला लावलं होतं, आणि त्याच्यासकट सगळं पहिलं प्रकरण.

अकरा पानांचं प्रकरण होतं ते. एक बाई घाटावर तराजू लावून बसलेली. नदी पार करताना प्रत्येकाचं वजन थोडं थोडं घटतं, तीच नदीची पट्टी. कुणाचं किती गेलं ते परतल्यावर तोलून तिने लिहून ठेवायचं. दिवसभरात त्रेचाळीस माणसं येतात, ती त्रेचाळीस जणांना तोलते, आणि संध्याकाळ होते. बस, एवढंच. ब्रेन्नाने समासात लिहिलं होतं: 'संथ. तीन हजार नऊशे शब्दांत एकही घटना नाही. कथा दुसऱ्या प्रकरणापासून सुरू होते.' डेलने दोन शनिवार वाद घातला, तिसऱ्या शनिवारी मान्य केलं आणि प्रकरण काढून टाकलं. विक्रीच्या आणि जुन्या फाईलमध्ये फरक काय तो तेवढाच.

तीस जूनपर्यंत फाईल बदलून देता येणार होती, नियमांत तसं स्पष्ट होतं. हातात बारा दिवस होते. डेलला एका ओळीचा निरोप पुरला असता: अरे, जुनी फाईल गेलीय.

डेल असले ब्लॉग स्वतःहून कधी उघडून पाहत नसे. लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते घरात फुकट ऐकायला मिळतं, असं तो म्हणायचा. त्यामुळे त्याला कळण्याची शक्यता जवळपास नव्हती. बारा दिवसांत दोन शनिवार आले. पहिल्या शनिवारी तो बसच्या नव्या ब्रेकबद्दल बोलत राहिला. ब्रेन्नाने त्याची वीस पानं तपासली, अठ्ठेचाळीस खुणा केल्या, आणि सांगितलं नाही. दुसऱ्या शनिवारी त्याने तिच्या दुसऱ्या खंडाचा नकाशा आणला होता. नदीच्या मुखाशी त्याने हौसेने इवल्या इवल्या होड्या काढल्या होत्या, तिने न सांगताच. तिने आभार मानले. बोलायला तोंड उघडलंसुद्धा, आणि होड्या किती आहेत ते विचारलं.

"मोज की," डेल म्हणाला. "तुझाच तर धंदा आहे तो."

सतरा होत्या.

परीक्षक पहिली चाळीस-पन्नास पानं वाचतात आणि मन लागलं नाही तर पुस्तक बाजूला ठेवतात, हे ब्रेन्नाला ठाऊक होतं. त्या अकरा पानांवर कुणाचं मन लागणार? एक जुलै उजाडला तेव्हा तिला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची तिला दिवसभर लाज वाटत राहिली. पण हलकं वाटायचं काही थांबलं नाही.

घुबडवाल्या बहिणी दर शुक्रवारी बाद झालेली पुस्तकं जाहीर करायच्या, एका वेळी दोन किंवा तीन. प्रत्येक पुस्तकाबद्दल एक सभ्य परिच्छेद. ब्रेन्ना आधी डेलचं नाव शोधायची, मग स्वतःचं. डेलची समजूत घालण्यासाठी तिने एक वाक्य तयार ठेवलं होतं, 'त्यांनी पुढे वाचायला हवं होतं,' आणि ते ती आंघोळीच्या वेळी वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहायची. जुलै गेला, ऑगस्ट गेला. ड्रॅगन एकेक करून गळाले. सप्टेंबरअखेर सहा पुस्तकं उरली. त्यांत तिचं होतं आणि त्याचंही. ते वाक्य वापरायची वेळ येईना. ऑक्टोबरमध्ये तीन उरली. डेल शनिवारी म्हणाला की रोवीना आता शेजारणींना सांगत सुटलीय, आणि त्याला स्वतःलाही रात्री झोप लागत नाही, जत्रेतल्या भोपळ्यासारखं वाटतंय. ब्रेन्ना हसली. हसताना तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी निकाल लागला. तिसऱ्या पुस्तकाला दहापैकी साडेसात. 'काचेखालचं राज्य', आठ. 'तोलारघाट', साडेआठ.

आपल्या पुस्तकावरचा अभिप्राय ब्रेन्नाने प्रयोगशाळेतच वाचला. चांगला होता. 'अतिशय नेटकं. एकही धागा सुटलेला नाही,' असं लिहिलं होतं. नेटकं. चंबू धुऊन पालथे घातल्यावर ती स्वतः हाच शब्द वापरायची. मग तिने डेलचा अभिप्राय उघडला. तो तिच्या अभिप्रायाच्या अडीच पट लांब होता, आणि त्याचा तिसरा हिस्सा नुसत्या पहिल्या प्रकरणावर. 'अकरा पानांत काहीच घडत नाही,' बहिणींनी लिहिलं होतं, 'आणि आम्ही दोघी आपापल्या घरी, एकमेकींना न सांगता, ती पानं पुन्हा वाचून आलो. त्रेचाळिसाव्या माणसाला तोलून झाल्यावर तोलारीण स्वतः काट्यावर चढते, तेव्हाच आम्हाला कळलं होतं की या वर्षी आमचं पुस्तक कुठलं.'

ब्रेन्नाने डेलला अभिनंदनाचा निरोप पाठवला. लिहायला तिला चोवीस मिनिटं लागली. निरोप चार शब्दांचा होता.

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. तो आगारातून बोलत होता, मागे इंजिन सुरू होतं.

एका वाचकाने अभिप्राय वाचून पुस्तक विकत घेतलं होतं आणि पैसे पाण्यात गेल्यासारखा चिडून ब्लॉगवर विचारलं होतं की ते तराजूचं प्रकरण कुठाय. बहिणींनी दुकानातलं पुस्तक उघडून पाहिलं, संयोजकांना कळवलं, आणि संयोजकांचं पत्र डेलला आलं होतं. पत्र सौजन्याचं होतं. स्पर्धेला दिलेली प्रत आणि विक्रीची प्रत एकच असली पाहिजे असा नियम होता. रविवारी दुपारी बारापर्यंत दुकानातली प्रत तशी केली तर निकाल कायम. नाहीतर गटातलं दुसऱ्या क्रमांकाचं पुस्तक अंतिम फेरीत जाईल.

"दुसरं पुस्तक तुझंय," डेल म्हणाला. "आपली ओळख आहे हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही."

ब्रेन्नाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारू? जूनमध्ये त्या बायांनी सगळ्यांची सुरुवात छापली होती म्हणे. रोवीनाने आत्ता शोधून काढलं. तू नव्हतं बघितलंस?"

नाही म्हणणं सोपं होतं. डेलने विश्वासही ठेवला असता.

"बघितलं होतं."

"मग?"

"गप्प बसले."

इंजिनाचा आवाज येत राहिला. मग डेल हसला. कडवट असं काही त्यात नव्हतं, पोट धरून हसावं तसं हसला, आणि तेच तिला सहन होईना.

"म्हणजे बघ हां," तो म्हणाला. "तू सांगितलं असतंस तर मी शहाण्यासारखी फाईल बदलली असती. मास्तरीणबाईंनी तोंड मिटलं म्हणून पोरगा पास झाला."

"हसू नकोस, डेल."

"मग काय करू? वीस मिनिटांत फेरी आहे, रडत बस नाही चालवता येत." मग त्याचा आवाज खाली आला. "ते काढायला का लावलंस? खरं सांग. संथ होतं म्हणून?"

"तेव्हा मला तसंच वाटलं होतं."

"तेव्हा," तो म्हणाला. मग म्हणाला, "हे बघ, जुनी फाईल चढवायची, एवढंच काम आहे. पण तो आकडा तुझ्या फोनवर येतो, आणि दुकानवाल्यांकडून तो बदलून घ्यायला सोमवार उजाडेल. तर मी तुला करच म्हणणार नाही. तुझ्या जागी मी काय केलं असतं मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही. उद्या-परवा आम्ही रोवीनाच्या भाचीच्या लग्नाला चाललोय. तिकडे रानात फोन लागत नाही. ठरव तू."

त्याने फोन ठेवला.

शनिवारी दहा वाजता ती कॉफीच्या दुकानात गेली नाही. तिने फ्रीज रिकामा करून पुसला. भाजीचे कप्पे काढून धुतले. अंगणातलं बर्फ लोटलं, मग शेजाऱ्यांच्या दारातलंही. दुपारी तिने जंगली तांदळाचं सूप केलं आणि दोन वाडगे खाल्लं. चारच्या सुमारास तिला करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तिने लॅपटॉप उघडला आणि जुनी फाईल काढली.

नुसतं तपासायचं म्हणून ती वाचायला लागली. पहिल्या पानावर एक स्वल्पविराम चुकलेला होता, चौथ्यावर एक, नवव्यावर एका म्हातारीचं नाव दोन प्रकारे लिहिलेलं. यातलं काहीही दुरुस्त करता येणार नव्हतं, स्पर्धेला गेली तशीच्या तशी प्रत हवी होती. तोलारीण पारडं रिकामं असतानाही दर वेळी फुंकर मारून धूळ उडवते, असं सातव्या पानावर होतं. ब्रेन्नाच्या प्रयोगशाळेत तसाच एक काटा होता, ग्रॅमचा दहाहजारावा भाग मोजणारा. ती आठ वर्षं रोज त्यावर काम करत होती. डेलने तो एकदाच पाहिला होता, तिला जेवणाचा विसरलेला डबा द्यायला आला होता तेव्हा, दारातून, फार तर दोन मिनिटं. तिच्या स्वतःच्या साडेचारशे पानांत काटा कुठेच नव्हता. फुंकरही नव्हती.

तिने प्रकरण संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चौदा महिन्यांपूर्वी लाल पेन हातात असतानाही आपण हे दोनदा वाचलं होतं, हे तिला आठवलं. फक्त तपासायची पानं ती कधी दोनदा वाचत नसे.

फाईल चढवायला चार मिनिटं पुरली असती. तिने लॅपटॉप मिटला.

दुकान नवी फाईल लगेच दाखवत नाही. तिकडे ती तपासली जाते, मग केव्हातरी जुनीच्या जागी बसते. दोघांच्या पुस्तकांच्या मिळून ब्रेन्नाने आजवर एकोणीस फायली चढवल्या होत्या आणि प्रत्येकीला लागलेला वेळ टिपून ठेवला होता. कमीत कमी दोन तास पन्नास मिनिटं. जास्तीत जास्त सव्वाअकरा तास. सरासरी पाच तास चाळीस मिनिटं. डेलला यातलं काही ठाऊक नव्हतं, त्याला वाटत होतं बटण दाबलं की झालं. शनिवारी संध्याकाळी चढवली तर फाईल रविवारी बारापर्यंत बसणार यात शंका नव्हती. रविवारी सकाळी साडेनऊला चढवली तर बहुतेक बसणारच नाही, आणि तरीही तिला म्हणता आलं असतं: अरे, मी केलं होतं, दुकानानेच वेळ खाल्ला. आपण हे वाक्य मनात जुळवतोय आणि कुठल्या सुरात म्हणायचं तेही ठरवतोय, हे तिच्या लक्षात आलं. ती लवकर झोपायला गेली.

रविवारी ती सहाला उठली. उजाडायचं होतं. तिने कॉफी ठेवली, खात्यात शिरली, फोनवर आलेला सहा अंकी आकडा टाकला आणि जुनी फाईल निवडली. मग घड्याळाकडे पाहत बसून राहिली. सहा वाजून वीस मिनिटांनी तिने बटण दाबलं. तिथून बारापर्यंत बरोबर पाच तास चाळीस मिनिटं होती.

ती दर दहा मिनिटांनी दुकानात जाऊन 'तोलारघाट'चं पान उघडायची आणि पृष्ठसंख्या पाहायची. काढलेलं प्रकरण आत आलं की संख्या बदलणार होती. कागदावर तिने दोन स्तंभ आखले, वेळ आणि पानं. सात वाजता चारशे बारा. आठला चारशे बारा. नऊला चारशे बारा. मधे आईचा फोन आला, तो तिने घेतला नाही. दहाला चारशे बारा. अंतिम फेरीच्या यादीत आपलं नाव कसं दिसेल ते ती मनातल्या मनात पाहत होती. दहा नावं एकाखाली एक, वर्णानुक्रमे, म्हणजे ती चौथी किंवा पाचवी आली असती. पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावर शिक्का नीट बसेल की टोपड्यावर जाईल, याचाही तिने विचार केला. डेलला काय सांगायचं त्याचा विचार आला तेव्हा तिने उठून कप धुतला. अकराला चारशे बारा. अकरा दहाला चारशे बारा. अकरा वीसला चारशे बारा, आणि ते लिहिताना पेन कागदात रुतलं.

पुढची नोंद अकरा तीसला घ्यायची होती. तिला तेवढं थांबवलं नाही.

अकरा सव्वीस. चारशे तेवीस पानं. लागलेला वेळ, पाच तास सहा मिनिटं.